सम्राज्ञी झिटा: तिचें घराणें व तिची शपथ

इटली देशांतील लुक्का नगरांत तेराव्या शतकांत झिटा नांवाची एक मोलकरीण होऊन गेली. फातिनेल्ली नामक एका धनिक कुटुंबांत ती लहान वयांतच कामास राहिली आणि १२७२ सालीं त्याच घरीं तिनें देह ठेविला. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची आश्रयदात्री संत म्हणून ख्रिस्तसभा तिला मान देते. आमच्याकडील ख्रिस्ती कुटुंबांतहि हें नांव अपरिचित नाहीं. त्याच लुक्का प्रांतांत, पियानोरे नामक वाड्यांत, ९ मे १८९२ रोजीं एका राजकुळांत कन्या जन्मास आली आणि स्नानसंस्काराच्या वेळीं तिला या मोलकरणीचें नांव देण्यांत आलें. हीच कन्या पुढें ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि हंगेरीची अभिषिक्त राणी झाली. सुमारें पांच कोटी प्रजेच्या साम्राज्याची ती स्वामिनी होती खरी, परंतु तें वैभव तिला दोन वर्षेंहि पुरतीं लाभलें नाहीं. आणि त्यानंतरचें सत्तर वर्षांचें आयुष्य तिनें परक्यांच्या दारीं काढलें. तें तसें कां काढलें, हें सुज्ञ वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

झिटेचा पिता रॉबर्ट हा पार्मा संस्थानाचा शेवटचा ड्यूक. त्याच्या पित्याचा १८५४ सालीं खून झाला, तेव्हां हा अवघा पांच वर्षांचा होता. माता त्याच्या नांवानें राज्य पाहूं लागली. पण १८५९ सालीं इटलीच्या एकीकरणाच्या वावटळींत तें राज्यहि गेलें. ड्यूक रॉबर्टाचे दोन विवाह झाले व प्रत्येक विवाहापासून बारा, अशीं एकंदर चोवीस अपत्यें त्याला झालीं. झिटा ही त्यांतील सतरावी. पहिल्या पत्नीच्या मुलांपैकीं कित्येक जन्मतःच बुद्धीनें अधू होतीं आणि तीं सर्व त्याच घरांत, इतर भावंडांच्या बरोबरीनें वाढलीं. हिवाळा पियानोऱ्यास व उन्हाळा ऑस्ट्रियांतील श्वार्झाऊ येथील गढींत, असा या कुटुंबाचा क्रम असे. आणि हें सारें बिऱ्हाड हलविण्यासाठीं स्वतंत्र आगगाडी लागत असे! राज्य गेलेलें असलें तरी संपत्ति होती. तरीपण मुलींना शिवणकाम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा शिकविली जाई, आणि गांवांतील गरिबांचे कपडे शिवून-सांधून देणें हें राजकन्यांच्या नित्यकर्मांपैकीं एक होतें.

तिची माता मारिया अंतोनिया ही पोर्तुगालचा राजा मिगेल याची कन्या. हा मिगेल १८३४ सालीं राज्यभ्रष्ट होऊन देशोधडीस लागला व परदेशींच वारला. ज्या ब्रागांझा घराण्याच्या कॅथरिन राजकन्येच्या आंदणांत, १६६१ सालच्या करारान्वयें, मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेलें, त्याच घराण्याचा हा वंशज. म्हणजे आमच्या किनाऱ्याच्या इतिहासाशीं झिटेच्या मातृकुळाचा एक दूरचा धागा जुळतो. असो. मुद्दा इतकाच कीं, पित्याकडून व मातेकडून, दोन्हीं बाजूंनीं, या मुलीनें गेलेल्या राज्यांच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. सिंहासन बळानें हिरावून घेतां येतें, पण हक्क मात्र आपण स्वतः लिहून दिल्यावांचून जात नाहीं, हा धडा तिला पाळण्यांतच मिळाला असल्यास नवल नाहीं.

तिचें शिक्षण बव्हेरियांतील झांगबेर्ग येथें धर्मभगिनींच्या शाळेंत झालें. नंतर तिला इंग्लंडजवळील वाइट बेटांतील बेनेडिक्टाइन मठांत पाठविण्यांत आलें. फ्रान्समधील मठांविरुद्धच्या कायद्यांमुळें सोलेम येथील या धर्मभगिनी देश सोडून तेथें आल्या होत्या, आणि झिटेची आजी, म्हणजे त्या राज्यभ्रष्ट मिगेलची विधवा आडेलाइड, त्याच मठांत व्रतस्थ झाली होती. झिटेच्या तीन बहिणींनींहि पुढें हेंच व्रत घेतलें. झिटेचीहि पावलें त्याच दिशेनें वळावयाचीं, पण तेथील हवा तिच्या प्रकृतीस मानवेना, म्हणून ती घरीं परतली.

सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा चुलतनातू आर्चड्यूक कार्ल हा तिचा बालपणापासूनचा परिचित. २१ ऑक्टोबर १९११ रोजीं श्वार्झाऊ येथें त्यांचा विवाह झाला. वृद्ध सम्राट स्वतः त्या मंगल प्रसंगीं हजर होता. विवाहापूर्वीं झिटा आपल्या मातेसह रोमला गेली असतां पोप दहावे पायस यांनीं कार्लचा उल्लेख राज्याचा वारस म्हणून केला. वारस तो नसून त्याचा चुलता फ्रान्झ फर्डिनांड आहे, असें तिनें विनयानें सुचविलें. परंतु पोप महाशयांनीं आपलें बोलणें बदललें नाहीं, असें ती पुढें आयुष्यभर सांगत असे. विवाहाच्या अंगठीवर पवित्र मरियेच्या आश्रयास धांव घेणाऱ्या प्राचीन लॅटिन प्रार्थनेचे आरंभींचे शब्द कोरलेले होते. आणि आतां आपण दोघांनीं एकमेकांस स्वर्गास जाण्यास साहाय्य करावयाचें, असें कार्ल विवाहप्रसंगीं तिला म्हणाला, हेंहि प्रसिद्धच आहे. त्यांना आठ अपत्यें झालीं: ओट्टो, आडेलहाइड, रॉबर्ट, फेलिक्स, कार्ल लुडविग, रूडोल्फ, शार्लोट व एलिझाबेथ.

२८ जून १९१४ रोजीं साराएव्हो येथें फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी यांचा खून झाला, आणि महायुद्ध पेटलें. २१ नोव्हेंबर १९१६ रोजीं वृद्ध सम्राट वारला. एकोणतीस वर्षांचा कार्ल सम्राट झाला. झिटा चोवीस वर्षांची होती.

३० डिसेंबर १९१६ रोजीं बुडापेस्ट येथील माथियास मंदिरांत हंगेरीचा राज्याभिषेक झाला. या प्रसंगाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण पुढील साऱ्या चरित्राची किल्ली येथें आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट अभिषेकावांचूनहि सम्राट असे. हंगेरीच्या राजाचें तसें नव्हतें. संत स्टीफनचा पवित्र मुकुट मस्तकीं चढल्याशिवाय आणि वेदीसमोर शपथ घेतल्याशिवाय त्याचें राजेपण पूर्ण होत नसे. मुकुट राजाच्या शिरीं ठेवला गेला. मग त्याच मुकुटानें राणीच्या उजव्या खांद्यास स्पर्श करण्यांत आला, कारण राजाचा भार तिनेंहि वाहावयाचा असतो. चार वर्षांचा ओट्टो पांढऱ्या पोशाखांत हा सोहळा पाहत होता. तेलानें अभिषेक झालेल्या माणसानें प्रजेला दिलेलें वचन हा नोकरीचा करार नव्हे, तो परमेश्वरापुढें घेतलेला भार आहे, अशी उभयतांची श्रद्धा होती. ती श्रद्धा सर्वांनाच पटेल असें नाहीं. परंतु ती समजून घेतल्याखेरीज या स्त्रीचें वर्तन निव्वळ हट्टासारखें दिसतें.

या वेळीं तिच्या माहेरची अवस्था मोठी चमत्कारिक होती. बंधु सिक्स्टस व झेव्हियर हे स्वतःस फ्रेंच समजत. परंतु बोर्बन कुळांतील पुरुषांस फ्रेंच सैन्यांत प्रवेश नसल्यामुळें ते बेल्जियमच्या सैन्यांत शिरले. फेलिक्स व रेने हे बंधु मात्र ऑस्ट्रियाच्या सैन्यांत होते. एकाच मातेचीं मुलें दोन शत्रुपक्षांच्या गणवेषांत! त्यांतूनच शांततेचा तो गुप्त प्रयत्न जन्मला. मार्च १९१७ मध्यें सिक्स्टस व झेव्हियर गुप्तपणें व्हिएन्नाजवळील लाक्सेनबुर्ग येथें येऊन सम्राटाला भेटले, आणि २४ मार्च रोजीं कार्लनें सिक्स्टसच्या नांवें एक पत्र दिलें. आल्सेस-लोरेनविषयींच्या फ्रान्सच्या न्याय्य मागणीस आपण पाठिंबा देऊं, असें त्यांत होतें. हे प्रांत ऑस्ट्रियाचे नव्हते, मित्र जर्मनीचे होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पत्रांतील धोका कळतो. शिवाय इटलीच्या मागण्यांवर तडजोड जमेना, बोलणीं फिसकटलीं.

वर्षभरानें परराष्ट्रमंत्री काउंट चेर्निन यानें एका भाषणांत फ्रान्सच्या पंतप्रधानास डिवचलें, आणि क्लेमांसो यानें १२ एप्रिल १९१८ रोजीं तें पत्रच छापून टाकलें. कार्लनें प्रथम त्यांतील मजकूर नाकारला. येथें लेखणी अडखळते. पण जें घडलें तें सांगणें प्राप्त आहे. शांततेसाठीं झटणारा हा मनुष्य पेंचांत सांपडला असतां सत्यास पूर्णपणें धरून राहिला नाहीं. ज्यांना ख्रिस्तसभा पुढें वेदीवर चढविते, तींहि माणसेंच असतात. त्यांचीं चरित्रें लिहितांना असे प्रसंग झांकून ठेवण्यानें त्यांची थोरवी वाढत नाहीं, असें आमचें मत आहे. या साऱ्याचा राग मात्र सम्राटापेक्षां सम्राज्ञीवरच अधिक निघाला. ती "इटालियन बाई", ती घरभेदी, ती नवऱ्याला बोटावर नाचविणारी, अशी कुजबूज व्हिएन्नाच्या रस्त्यांवरून व जर्मन सेनाधिकाऱ्यांच्या बैठकींतून सुरू झाली. परक्या घरून आलेल्या सुनेवर दोष ठेवण्याची रीत राजवाड्यांतहि चाळीपेक्षां फारशी वेगळी नसते.

नोव्हेंबर १९१८ मध्यें साम्राज्य कोसळलें. ११ तारखेस मंत्र्यांनीं कार्लपुढें एक कागद ठेविला. तो राजत्यागाचा आहे असें वाटून झिटेनें त्यास तीव्र विरोध केला. राजाला त्याचें राज्य हिरावून घेऊन घालवितां येईल, परंतु त्यानें स्वतः तें सोडणें कदापि शक्य नाहीं, असें तिचें म्हणणें. वस्तुतः त्या कागदांत राज्यकारभारांतील आपला भाग सोडीत असल्याचें काय तें लिहिलें होतें. राजत्याग हा शब्द त्यांत नव्हता. त्या एका नसलेल्या शब्दासाठीं या कुटुंबानें पुढें किती सोसलें, तें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. मार्च १९१९ मध्यें तीं सर्व स्वित्झर्लंडला गेलीं. एप्रिलमध्यें ऑस्ट्रियानें कायदा करून हॅब्सबर्ग घराण्याची मालमत्ता जप्त केली व हक्क सोडल्याचें लिहून देणार नाहींत त्यांना देश बंद केला.

हंगेरीचें सिंहासन परत मिळविण्याचे दोन प्रयत्न १९२१ सालीं झाले. पहिल्या वेळीं कार्ल एकटा गेला आणि रिकाम्या हातांनीं परतला. २० ऑक्टोबर रोजीं दुसऱ्या वेळीं झिटाहि विमानांत त्याच्याशेजारीं होती, आणि ती गरोदर होती. आगगाडीनें बुडापेस्टच्या वेशीपर्यंत तीं पोंचलीं. बुडाओर्श येथें चकमक होऊन माणसें मेलीं. माझ्यासाठीं रक्त सांडूं नये, म्हणून कार्लनें लढाई थांबविली. या साहसांत शपथेची निष्ठा होती हें खरें. पण जीं माणसें त्या दिवशीं मेलीं त्यांच्या मातांनीं त्या निष्ठेविषयीं काय म्हटलें असेल, हाहि प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. राजा-राणी कैद झालीं, टिहानीच्या मठांत ठेवलीं गेलीं. त्यागपत्रावर सही करण्याविषयीं पुष्कळ आग्रह झाला, पण सही झाली नाहीं. तेव्हां इंग्रजांच्या नौकेंतून डॅन्यूब नदीच्या मार्गानें नेऊन १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं त्यांना पोर्तुगालच्या मदैरा बेटावर उतरविण्यांत आलें.

मुलें फेब्रुवारीमध्यें आलीं. पैसा संपला होता; जडजवाहीर विकण्यासाठीं ज्याच्या हातीं दिलें, त्यानेंच तें लांबविलें. फुंचाल शहरांतील भाड्याची जागा सोडून तीं डोंगरावरील मोंते येथील एका दमट, धुक्यानें वेढलेल्या घरांत राहावयास गेलीं. तें घर एका सज्जनानें फुकट दिलें होतें. मार्चमध्यें मुलाच्या वाढदिवसासाठीं खेळणें आणावयास कार्ल शहरांत उतरला, परत येतांना त्याला थंडी बाधली व तिचें पर्यवसान न्यूमोनियांत झालें. ख्रिस्ती मनुष्य आणि राजा कसा मरतो हें ओट्टोनें पाहावें, म्हणून नऊ वर्षांच्या त्या मुलाला त्यानें खाटेपाशीं बोलाविलें. १ एप्रिल १९२२ रोजीं येशूचें नांव घेत त्यानें प्राण सोडला. वय चौतीस वर्षें. झिटा एकोणतीस वर्षांची, सात मुलें भोंवतीं आणि आठवें पोटांत. त्या दिवशीं तिनें काळीं वस्त्रें धारण केलीं, तीं सदुसष्ट वर्षें उतरविलीं नाहींत.

स्पेनचा राजा आल्फोन्सो यानें तिला बोलावून घेतलें, आणि ३१ मे रोजीं माद्रिदजवळील एल पार्दोच्या वाड्यांत एलिझाबेथ जन्मली. पुढें समुद्रकांठच्या लेकेइतियो गांवीं सात वर्षें गेलीं. तेथें ही माता आपल्या मुलांना असें शिकवूं लागली, कीं जणूं उद्यांच त्यांना राज्यावर बसावयाचें आहे: त्यांच्या गेलेल्या प्रजांच्या भाषा, इतिहास, कायदा, आणि नित्य मिस्सा व जपमाळ. १९२६ सालीं ती सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठाची गृहस्थ सदस्या झाली. तरुणपणीं सुटलेला धागा अशा रीतीनें तिनें पुन्हां हातीं घेतला. १९२९ सालीं मुलांच्या उच्च शिक्षणासाठीं ती बेल्जियमला आली. ओट्टोनें १९३५ सालीं लूव्हेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. हिटलरला या घराण्याचा किती तिटकारा होता, तें एवढ्यावरून ध्यानांत येईल कीं, १९३८ सालीं ऑस्ट्रियावर चालून जाण्याच्या त्याच्या लष्करी योजनेचें नांवच "ओट्टो" असें होतें. खून झालेल्या फ्रान्झ फर्डिनांडच्या दोन्ही पुत्रांना त्यानें डाखाऊच्या छळछावणींत कोंडलें.

१० मे १९४० रोजीं जर्मन फौजा बेल्जियममध्यें घुसल्या. झिटा मुलांसह निघाली, आणि थोड्याच वेळांत तिच्या घरावर बाँब पडले. फ्रान्समधील बोर्दो येथें पोर्तुगालचा वकील सूझा मेंडिश हा आपल्या सरकारचा हुकूम मोडून हजारों निर्वासितांना परवाने देत होता. या राजकुटुंबालाहि त्याच्याच हातचे परवाने मिळाले. मातामहाचा देश दुसऱ्यांदा कामीं आला. तेथून अमेरिका व मग कॅनडांतील क्वेबेक. फ्रेंच भाषेमुळें धाकट्या मुलांचें शिक्षण तेथें होण्यासारखें होतें. धर्मभगिनींनीं दिलेल्या साध्या घरांत हें कुटुंब राहिलें, आणि रानांत उगवणारा पाला खुडून त्याची भाजी करून खाण्याची वेळ सम्राज्ञीवर आली.

येथें एक नवल सांगितलें पाहिजे. हॅब्सबर्गांचा "फ्लोरेन्टाइन" नामक सुमारें १३७ कॅरट वजनाचा पिवळा हिरा १९१८ नंतर नाहींसा झाला होता. तो चोरीस गेला, फोडून विकला गेला, असें जाणकार लिहीत आले. नोव्हेंबर २०२५ मध्यें झिटेच्या नातवांनीं जाहीर केलें कीं, तो कॅनडांतील एका पेढीच्या तिजोरींत सुखरूप आहे! पळून जातांना झिटेनेंच तो आपल्या सामानांतून नेला, रॉबर्ट व रूडोल्फ या दोघां पुत्रांनाच ठिकाण सांगितलें, आणि पतीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षें याची वाच्यता करूं नये असें बजाविलें. म्हणजे ताटांत रानभाजी आणि पेढींत तो हिरा, अशी ती राहिली. तो विकून मुलांना सुखांत ठेवतां आलें असतें. पण तो आपला नव्हे, घराण्याचा आहे, असें तिनें मानलें असावें. याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी कठोरपणा. आम्हांस त्यांत दोन्ही दिसतात.

युद्धकाळांत तिनें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट घेऊन ऑस्ट्रियाची बाजू मांडली, आणि युद्धानंतर त्या उपाशी देशासाठीं अन्नवस्त्राची मदत जमविली. ज्या देशाच्या कायद्यानें तिला हद्दपार केलें होतें, त्याच देशासाठीं हें! पुढें ती वृद्ध मातेच्या सेवेसाठीं लक्झेंबर्गला आली. १९५९ सालीं माता वारल्यावर कांहीं वर्षांनीं स्वित्झर्लंडमधील झिझर्स येथील एका आश्रमांत राहूं लागली. १९६१ सालीं ओट्टोनें मात्र सिंहासनावरील आपला हक्क लेखी सोडला व तो ऑस्ट्रियाचा साधा नागरिक झाला. पुढें वीस वर्षें तो युरोपच्या लोकसभेचा सभासदहि होता. पुत्रानें सही केली. मातेनें केली नाहीं. १९७१ सालीं ज्येष्ठ कन्या आडेलहाइड वारली व तिला तिरोल प्रांतांत मूठमाती देण्यांत आली, तेव्हां या मातेला हद्द ओलांडतां आली नाहीं. अखेर १९८२ सालीं, ती हॅब्सबर्ग कुळांत जन्मलेली नसून विवाहानें आलेली आहे, अशा कायद्याच्या अर्थानें वाट मोकळी झाली, आणि त्रेसष्ट वर्षांनंतर, नव्वदाव्या वर्षीं, तिनें ऑस्ट्रियाच्या भूमीवर पाऊल ठेविलें.

१४ मार्च १९८९ रोजीं झिझर्स येथें ती शांतपणें वारली. वय ९६ वर्षें. १ एप्रिलला, म्हणजे पतीच्या मृत्युदिनींच, व्हिएन्नांत तिचा अंत्यविधि झाला. फ्रान्झ जोसेफची शवपेटी ज्या काळ्या रथांतून गेली होती, त्याच रथांतून तिचीहि गेली. हॅब्सबर्गांचीं थडगीं कापुचिन संन्याशांच्या मठाच्या तळघरांत आहेत. दारावर थाप पडली. आंतून संन्याशानें विचारलें, कोण आंत येऊं इच्छितो? सम्राज्ञी आणि राणी, असें उत्तर गेलें. आम्ही तिला ओळखत नाहीं, असें आंतून आलें. पुन्हां थाप, पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं उत्तर दिलें: झिटा, एक मर्त्य व पापी जीव. तेव्हां दार उघडलें.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ३ ऑक्टोबर २००४ रोजीं कार्ल यास धन्य म्हणून घोषित केलें. त्यासाठीं मान्य झालेला चमत्कार म्हणजे ब्राझिलमधील एका धर्मभगिनीचें बरें झालेलें दुखणें. तिचें नांव सिस्टर मरिया झिटा! त्याचा सण मृत्युदिनीं न ठेवतां २१ ऑक्टोबरला, विवाहदिनीं, ठेवण्यांत आला. झिटेच्या धन्यत्वाची चौकशी १० डिसेंबर २००९ रोजीं फ्रान्समधील ल मान्स धर्मप्रांतांत सुरू झाली, कारण सोलेमचा मठ त्याच धर्मप्रांतांत येतो.

पतीचा देह आजहि मदैरा बेटावर, मोंतेच्या मरिया मातेच्या मंदिरांत आहे, तिचा व्हिएन्नांत. दोघांचीं हृदयें मात्र स्वित्झर्लंडमधील मूरी येथील मठांत एकत्र ठेविलीं आहेत.